टीम परत जाते, मंडळी इथेच राहते

परदेशातली एक टीम येऊन आमच्या तालुक्याच्या गावी मैदानावर तीन दिवसांचा सुवार्ता महोत्सव, म्हणजे येशूचा संदेश सांगणारा कार्यक्रम, घ्यायचं म्हणतेय. ही गोष्ट बाहेर आल्यापासून आमच्याकडे दोनच आवाज ऐकू येतायत. एक आमच्याच मंडळीतला, म्हणजे चर्चच्या लोकांतला, की प्रभूने दार उघडलंय, अशी संधी परत येणार नाही, आता कचरायचं नाही. दुसरा गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा, की हे लोक पैसा ओतून धर्म बदलायला येतात, मैदान द्यायचंच नाही. मी ख्रिस्ती आहे, आजोबांपासून आमचं घर ख्रिस्ती, मी मंडळीच्या पंचांमध्ये आहे, आणि सुवार्ता उघडपणे सांगावी असं मला मनापासून वाटतं. तरीही या दोन्ही आवाजांबरोबर मला जाता येत नाहीये. माझं म्हणणं एवढंच आहे की असा कार्यक्रम घ्यायचा की नाही, कधी घ्यायचा, कसा घ्यायचा आणि झाल्यावर तो चांगला झाला की नाही हे ठरवायचा हक्क जे मागे राहणार आहेत त्यांचा आहे, कारण त्याचं जे काही बरंवाईट होईल ते त्यांनाच निस्तरायचं असतं.

हे मी नुसतं घरात बसून बोलत नाहीये. माझी भाची मागे अशाच एका टीमबरोबर केनियाला जाऊन आली. टीम आपलीच, वसईची, पुण्याची, दोन-तीन पोरं आमच्या किनाऱ्यावरची. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी किसुमू म्हणून शहर आहे, तिथल्या एका मंडळीने बोलावलं होतं आणि शहराबाहेर एका मोकळ्या मैदानावर महोत्सव होता. म्हणजे त्या वेळी परदेशी पाहुणे आपण होतो. ती परत आल्यावर तिच्याशी, आणि पुढे तिथल्या पाळकांशी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंशी, व्हिडिओ कॉलवर, मी बरंच बोलले. आता आपल्याकडे दुसऱ्या देशातले येणार म्हटल्यावर ते सगळं मला परत परत आठवतंय.

एक तर तयारी. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं स्टेज टाकलं, गिटार लावली, झालं. तसं नसतं. तिथे सभा घ्यायची तर पोलिसांना आधी नोटीस द्यावी लागते, मैदान काउंटीच्या ऑफिसातून मिळवायचं, जनरेटर, साउंड, प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्याने, पाण्याचे टँकर, आणि ही सगळी धावपळ तिथल्या मंडळीने कितीतरी आठवडे आधीपासून केली होती. आमची पोरं विमानातून उतरली तेव्हा स्टेज उभं होतं. बोलायचं कसं, तर आपली मुलगी इंग्रजीत साक्ष देणार, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगणार, बाजूला उभा दुभाषी ती धोलुओ भाषेत सांगणार, कारण त्या भागातले बहुतेक लोक लुओ जमातीचे. भाची सांगत होती, मावशी, मी एक वाक्य बोलायचे आणि तो भाऊ चार वाक्यं बोलायचा, लोक हसायचे, रडायचे, आणि ते माझ्या बोलण्यावर की त्याच्या हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला विचाराल तर ते त्याच्याच बोलण्यावर होतं, आणि त्यात वाईट काहीच नाही, फक्त रिपोर्टमध्ये त्याचं नाव कुठेच नव्हतं याचं मला वाईट वाटलं.

गर्दी खूप झाली. का झाली, तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. किसुमूपर्यंत रेल्वे 1901 साली पोचली, ती बांधायला आपल्याकडून हजारो मजूर नेले होते, तेव्हापासून पूर्व आफ्रिकेत भारतीय माणूस म्हणजे मुख्यतः गुजराती किंवा पंजाबी, आणि बऱ्याचदा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला. असा माणूस स्टेजवर चढून येशूचं गाणं म्हणतोय, हे बघायलाच निम्मे लोक आले असणार. आणि दुसरं म्हणजे केनियाच्या 2019 च्या जनगणनेत जवळजवळ 85 टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणून नोंदवलंय. रविवारी रस्त्याने चाललात तर दर शंभर पावलांवर पत्र्याखाली एक मंडळी भरलेली असते. तिथे जाऊन आपण सुवार्ता 'पोचवली' असं म्हणायला मन धजावत नाही. त्यांना ती आपल्याइतकीच ठाऊक आहे, उलट आमच्या चर्चमध्ये रविवारी मागची बाकं रिकामी असतात, त्यांच्याकडे लोक दाराबाहेर उभे असतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. त्या सरोवरावर दुपारनंतर ढग बघता बघता भरून येतात. साउंडच्या मिक्सरवर ताडपत्री टाकली, कार्यक्रम थांबला, लोक आडोसा शोधायला लागले. मैदानाच्या पलीकडे काठावर बायकांनी ओमेना वाळत घातलेली होती. ओमेना म्हणजे तिथली बोटाएवढी चंदेरी मासळी, जाळ्यांवर पसरून उन्हात वाळवतात, आपल्या जवळ्यासारखीच, आणि एकदा भिजली की गेली. आमच्या किनाऱ्यावरच्या पोरांना कुणी सांगायला लागलं नाही. ज्यांच्या घरात जवळा वाळत घातलेला असताना आभाळ आलं की आजीच्या हाकेबरोबर सगळे खळ्यात धावतात, ती पोरं तशीच धावली, जाळ्यांची टोकं धरून दुमडली, शेडमध्ये ओढून नेली. मग तिथेच त्या बायकांबरोबर बसली. भाव काय मिळतो, व्यापारी कसा पाडून मागतो, सरोवरात जलपर्णी माजली की होडी कशी अडकते, नवरा रात्री जातो तर कधी येतो. दोघा-तिघींनी मुलांसाठी प्रार्थना करायला सांगितली, आणि एका म्हातारीने या पोरांच्या डोक्यावर हात ठेवून स्वतःच मोठ्याने प्रार्थना केली. भाचीला त्या प्रवासातलं सगळ्यात जास्त हेच आठवतं. याचा फोटो कुणी काढला नाही आणि टीमच्या व्हिडिओत हा तासच नाही.

आता कार्डांचं सांगते, कारण माझा सगळा मुद्दा तिथे येऊन थांबतो. अशा सभेत शेवटी पाचारण होतं, ज्यांनी निर्णय घेतला त्यांनी हात वर करा, पुढे या. पुढे आलेल्यांकडून कार्ड भरून घेतात, नाव, फोन, राहायचं ठिकाण, कशासाठी प्रार्थना हवी. ही पद्धत काही नवी नाही, बिली ग्रॅहम या अमेरिकन सुवार्तिकाच्या सभांपासून जगभर चालत आलेली आहे, आणि मुळात ती चांगल्यासाठीच होती, म्हणजे पुढे आलेला माणूस गर्दीत हरवू नये, जवळच्या मंडळीने त्याला जाऊन भेटावं. टीमने तीन दिवसांच्या कार्डांची बेरीज केली, आकडा मोठा होता, तो इन्स्टाग्रामवर गेला, इकडे आमच्या मंडळीतही टाळ्या पडल्या. टीम परतली. कार्डांचा खोका तिथल्या पाळकांच्या घरी राहिला.

त्या पाळकांशी मी बोलले तेव्हा त्यांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही, मी खोदून विचारलं म्हणून सांगितलं. मंडळीतले दोन वडील जण महिनाभर बोडा-बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, पत्ते शोधत फिरले. पेट्रोलचे पैसे मंडळीच्या दानातून. कार्डांत शाळकरी मुलं पुष्कळ होती, जी तिन्ही दिवस पुढे आली आणि तिन्ही दिवस कार्ड भरून गेली. बरेच जण शेजारच्याच मंडळ्यांचे जुने सभासद निघाले, आणि त्यावरून त्या मंडळ्यांच्या पाळकांशी बोलाचाली झाली की आमची माणसं का ओढता. काही फोन लागलेच नाहीत. आणि थोडे, अगदी थोडे, खरोखर कुणीतरी यावं म्हणून वाट बघत बसलेले होते. एक विधवा बाई, एक दारू सोडायची धडपड करणारा होडीवाला. ते आज त्या मंडळीत आहेत, पाळक त्यांच्याबद्दल बोलताना खुलले. म्हणजे महोत्सव फुकट गेला असं मी म्हणत नाही आणि ते पाळकही म्हणत नाहीत. पण टीमच्या रिपोर्टमध्ये मोठा आकडा आहे, ही दोन माणसं नाहीत, आणि पेट्रोल नाही, आणि शेजारच्या पाळकांचं दुखावणंही नाही. हिशेब पाहुण्यांनी मांडला की असंच होणार, कारण त्यांना दिसतं ते तीन दिवसांचं. पुढचं वर्षभर ज्यांना दिसतं त्यांनी तो मांडायला हवा, आणि पुढच्या टीमला बोलवायचं की नाही ते त्यावर ठरवायला हवं.

यात नुसतं पेट्रोलच जात नाही, कधी जीवही जातात. उत्तर नायजेरियात कानो शहरात ऑक्टोबर 1991 मध्ये राइनहार्ड बोन्के या जर्मन सुवार्तिकाची मोठी सभा होणार होती. त्या बातमीवरून तिथे दंगल पेटली, सभा झालीच नाही, बोन्के सुखरूप बाहेर पडले, आणि मेले ते तिथले लोक, ख्रिस्तीही आणि मुसलमानही. दंगल करणाऱ्यांचा दोष मी बोन्केंच्या डोक्यावर टाकत नाही, हात उचलणारा तो उचलणाराच. पण ज्या गल्लीत उद्या सकाळी दूध आणायला जायचंय त्या गल्लीतलं वारं कुठे वाहतंय हे तिथल्या माणसाला जितकं कळतं तितकं बाहेरून आलेल्याला कळत नाही, हे त्यातून दिसतं. आपल्या मुंबईतही झालंय. जानेवारी 1956 मध्ये बिली ग्रॅहम मुंबईत आले आणि त्याच दिवसांत मुंबई केंद्रशासित करायच्या घोषणेवरून शहर पेटलं होतं, गोळीबार चालला होता, संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं मरत होती. स्टेडियममधली सभा रद्द करावी लागली. जगातला सगळ्यात मोठा सुवार्तिक आला तरी त्या आठवड्यात मराठी माणसाच्या मनात दुसरंच काही धगधगत होतं.

नेपाळचं तर अजून सरळ आहे. आमच्यातल्या काही उत्साही पोरांना आता पुढच्या खेपेला नेपाळला जायचंय. तिथे 2018 मध्ये लागू झालेल्या फौजदारी कायद्यात धर्मांतर करायला लावणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि गुन्हेगार परदेशी असेल तर शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढायचं. परदेशी माणसाला निदान परत जायला देश आहे. ज्या नेपाळी पाळकाने त्याला बोलावलं, त्याची बायको-पोरं, त्याची मंडळी, भाड्याची खोली, सगळं तिथेच. त्याने विचार करून या म्हटलं तर जा, नको म्हटलं तर त्याला विश्वासात कमी समजू नका.

इथवर वाचून गावातल्या त्या दुसऱ्या आवाजवाल्यांना वाटेल की बाईंनी आपलीच बाजू घेतली. नाही घेतली. घटनेच्या 25 व्या कलमात धर्म पाळण्याच्या आणि आचरण्याच्या हक्काबरोबर प्रचाराचाही हक्क दिलाय, डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत त्यावर जोरदार वाद झाला आणि कन्हैयालाल मुन्शींसारख्या हिंदू संस्कृतीच्या अभिमानी माणसानेही तो शब्द ठेवायच्या बाजूने मत मांडलं. सुप्रीम कोर्टाने 1977 साली सांगितलं की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, ठीक आहे, पण आपल्या श्रद्धेबद्दल चारचौघांत बोलायला त्या निकालानेही बंदी केलेली नाही. आणि कोकणात श्रद्धा कधी दार लावून बसलीये हो? शिमग्याला पालखी घरोघर नाचते, देवळापुढे रात्रभर दशावतार रंगतो, हरिनाम सप्ताहाचा कर्णा चार वाड्यांत ऐकू जातो, उरुसाला संदल निघतो, वसईत सणाला बँड लावून मिरवणूक निघते. आम्ही लहानपणापासून या सगळ्याला जातो, खाजं आणतो. मग आमचं भजन तेवढं चार भिंतींत हवं, असं का? मैदान सगळ्यांचं आहे, नियम सगळ्यांना सारखे लावा, रात्री दहानंतर कर्णा बंद म्हणजे सगळ्यांचा बंद. पण ख्रिस्ती आहेत म्हणून अर्जच घेऊ नका, हे चालणार नाही, आणि त्याविरुद्ध मी तहसीलदारांसमोर उभी राहून बोलेन.

'पैसे देऊन बाटवतात' हा आरोप मात्र मी झटकून टाकत नाही. या किनाऱ्याला त्याची जुनी आठवण आहे. पोर्तुगीजांनी सत्तेच्या जोरावर काय केलं ते वसईपासून गोव्यापर्यंत लोकांच्या मनात आहे, ते विसरा असं आम्ही कुणाला सांगू शकत नाही. पण त्याच किनाऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेनेही लोक आले. थॉमस स्टीफन्स इंग्रज, 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1619 मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला, इथली भाषा शिकला आणि ख्रिस्तपुराण लिहिलं ते ओवीत, जी ज्ञानोबांनी वापरली त्याच ओवीत. चाळीस वर्षं! 1823 मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला उतरले, पुढे हर्णैला गेले, त्यांनी काय केलं तर शाळा काढल्या. ख्रिस्ती फार कुणी झालं नाही, शिकले मात्र पुष्कळ जण.

आणि आपले रेव्हरंड टिळक. नारायण वामन टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म 1861. त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं ते रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या माणसाशी झालेल्या गप्पांतून, त्याने नवा करार वाचायला दिला. स्टेज नाही, माइक नाही, हात वर नाही. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आमच्या मंडळीत ही गोष्ट आनंदाने सांगतात, मीही सांगते. पण अर्धी सांगून थांबतात. त्या बाप्तिस्म्याची बातमी घरी लक्ष्मीबाईंना कळली तेव्हा त्यांचं काय झालं, पुढची काही वर्षं नवऱ्यापासून वेगळं राहून त्यांनी काय काय सोसलं, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. पुढे 1900 मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या, पण आपल्या मनाने, आपल्या वेळेने, वाद घालून, भांडून. स्टेजवरून कुणी हात वर करायला सांगतं तेव्हा मला नेहमी घरी बसलेली लक्ष्मीबाई दिसते. जो हात वर करतो त्याच्या घरी आई आहे, बायको आहे, भावकी आहे, वाडीतलं पाणी आहे, गावकीची वर्गणी आहे. त्याचा निर्णय त्याचाच, तो घ्यायचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण तीन गाण्यांनंतर, अंधारात, कीबोर्डच्या संथ सुरावर त्याच्याकडून तो काढून घेऊ नये. त्याला दिवसाउजेडी, घरी जाऊन, पुन्हा पुन्हा विचार करू द्या, आणि त्या वेळी शेजारी बसायला इथलं माणूस हवं.

टिळकांनी पुढे काय केलं, तर कीर्तनं केली, अभंग लिहिले, आजही आमच्या उपासनेत ते गातो. मग त्या महोत्सवात मराठी भजनी मंडळ का नको? टाळ-पेटीवर टिळकांचे अभंग म्हटले तर आमच्या वाडीतली कुणीही आजी येऊन बसेल. येणाऱ्या टीमच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र सगळी इंग्रजी-हिंदी गाणी, बँड त्यांचाच.

आरोग्याच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही. स्टेजवर बोलावून कुबड्या फेकायला लावणं, 'साखर गेली, गोळ्या बंद करा' असं जाहीर करणं, हे नको म्हणजे नको. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली चमत्कार दाखवून लोकांना फसवणं गुन्हा आहे ही एक गोष्ट झाली. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. कोकणातली किती घरं घाट चढून मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात ऑपरेशनला जात आलीयत. ते हॉस्पिटल 1894 मध्ये उभं केलं ते वॉनलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरने, तोही प्रार्थना करायचा आणि मग चाकू हातात घ्यायचा. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, त्याच्या घरी जाऊन करा, गोळ्या चालू ठेवून करा.

टीमबद्दल माझ्या मनात राग नाही, हेही लिहिते. पदरचे पैसे घालून, सुट्टी काढून कुणी इतक्या लांब येतं त्यामागे प्रेम असतं, माझ्या भाचीच्या मनात होतं तसंच. आणि नीट केलेलं कामही जगात आहे. अर्जेंटिनात जन्मलेले सुवार्तिक लुइस पलाऊ यांनी आयुष्यभर असे महोत्सव घेतले. 2008 मध्ये त्यांनी अमेरिकेत पोर्टलंडमध्ये, स्वतः राहत होते त्या भागात, आधी कितीतरी महिने मंडळ्यांना शहराच्या कामाला लावलं, शाळा दुरुस्त करा, गरजूंना हात द्या, आणि शहराच्या कारभाऱ्यांना विचारून द्या. महोत्सव त्यानंतर. असं करायला तिथे राहावं लागतं.

तेव्हा येत्या मीटिंगमध्ये मी काय मांडणार आहे ते सांगते. टूरिस्ट व्हिसावर येऊन आपल्या देशात धर्मप्रचार करता येत नाही, त्याला मिशनरी व्हिसा वेगळा लागतो, तेव्हा त्यांची कागदपत्रं आधी आपल्या हातात हवीत, 'होऊन जाईल ब्रदर' यावर आपली मंडळी अडकवायची नाही. तारीख त्यांच्या विमानाच्या तिकिटावरून ठरायची नाही. आंगणेवाडीची जत्रा केवढी मोठी, मुंबईहून मंत्री येतात, पण तारीख ठरते ती देवीचा कौल घेऊन, गावाने, आणि मग सगळ्यांनी आपापली कामं तिच्याप्रमाणे लावायची. इथेही तसंच हवं. शिमग्यात नको, बोर्डाच्या परीक्षांत नको, मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरायच्या असतात तेव्हा नको. मला विचाराल तर जानेवारीचा मधला आठवडा, नाताळाची गडबड संपलेली असते आणि रात्री हवा बरी असते. त्याआधी पाळकांनी आणि आम्ही पंचांनी सरपंचांना आणि गावातल्या मानकऱ्यांना स्वतः जाऊन भेटायचं, पत्रक हातात द्यायचं, काय बोलणार आणि काय बोलणार नाही ते सांगायचं. त्यांना बसायला पुढच्या रांगेत खुर्च्या. स्टेजवर मराठीत बोलायला आपली माणसं, पाहुण्यांनी साक्ष द्यावी आणि बसावं. लहान मुलांकडून कार्ड भरून घ्यायचं नाही. आकडा कुठेही टाकायचा नाही, निदान वर्षभर तरी. भेटी द्यायला जाणाऱ्यांच्या पेट्रोलचा खर्च आधी बाजूला काढून ठेवायचा, साउंडच्या बिलाच्या आधी. आणि मैदानाच्या परवानगीच्या अर्जावर सही आपल्या पाळकांची आणि पंचांची, त्यांच्या मॅनेजरची नाही. हे सगळं त्यांना मान्य असेल तर यावं, मी स्वतः खुर्च्या मांडायला येईन. मान्य नसेल तर मी नको म्हणून मत देणार आहे, आणि ते मिनिट्समध्ये नोंदवून घ्यायला सांगणार आहे.